फनर की मोअर फन?

गोव्यात सावई-वेरें येथे माझ्या मावसभावाचे कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग, आहे. पोफळींना बिलगलेल्या मिरवेली आणि जायफळाची सावली पाहायला पर्यटक येतात, म्हणून त्याने वाटेच्या तोंडाशी एक काळा फळा टांगला आहे. यंदा त्यावर त्याने खडूने लिहिले होते, 'मोअर फनर दॅन द बीच', आणि त्याखाली 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर'. शेजारी हिरव्या खडूने एक तवसेही, म्हणजे काकडी, काढले होते.

त्याची नववीतली मुलगी फडके घेऊन उभी होती. तिने विचारले, "काका, 'मोअर' पुसायचे की 'अर'?"

एकाच वेळी दोन्ही चालत नाहीत, एवढे तिला ठाऊक होते. मोअर आणि अर यांचे काम एकच असल्यामुळे 'मोअर बेटर' आज चूक मानले जाते. मात्र आपणही 'सर्वश्रेष्ठ' म्हणतोच, आणि श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ या शब्दांतला 'इष्ठ' हा इंग्रजी 'एस्ट'चा सख्खा भाऊबंद असून मुळातच 'सर्वांत' हा अर्थ पोटात घेऊन आलेला आहे.

तिचे म्हणणे असे होते की एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या छोट्या विशेषणाला 'अर' लागतो, जसे टॉलर किंवा कोल्डर, तर ब्युटिफुलसारख्या लांब शब्दाला 'मोअर'. मग 'फनर' नियमातच बसते. नियम बरोबर आहे, पण 'फन' हा शब्द मुळात विशेषण नव्हे, नाम आहे. आपण 'मजा'ला तर-तम लावत नाही, 'जास्त मजा' म्हणतो. 'मोअर फन' हे अगदी तसेच आहे. पुढे बोलण्याच्या ओघात इंग्रजी बोलणाऱ्यांनी 'फन'ला विशेषणासारखे वापरायला सुरुवात केली, आणि त्यामागून 'फनर' आले. मेरियम-वेब्स्टरच्या कोशात ते 'कधीकधी' अशा शेऱ्यासह नोंदलेले आहे. मित्राला पाठवायच्या संदेशात ते खुशाल लिहावे. फळ्यावर किंवा उत्तरपत्रिकेत मी लिहिणार नाही, कारण ते मुद्दाम लिहिले आहे की चुकून, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आपल्याला येथे अडखळायला होते त्याचे कारण घरात आहे. मराठीत 'पेक्षा' किंवा 'हून' लावले, कोंकणीत 'परस' लावले, की काम झाले. 'माझ्यापेक्षा मोठा', 'म्हजेपरस व्हड', विशेषण तेच राहते. तुलनेसाठी विशेषणालाच शेपूट जोडण्याची सवय आपल्या जिभेला नाही.

तवशाची ओळ मला अधिक खटकली. मावसभावाला सांगायचे होते की आत गारवा आहे. 'क्युकंबरसारखा कूल' हा वाक्प्रचार मात्र हवेबद्दल नसून, गडबडीतही ज्याचे डोके शांत राहते अशा माणसाबद्दल आहे. असे तयार उपमावाक्य गप्पांत शोभते, परंतु त्याचा अर्थ शब्दांची बेरीज करून लागत नाही. म्हणून जेथे साधे विशेषण पुरते तेथे मी तेच घेतो. 'कूल'चे 'कूलर' होते, 'क्वायट'चे 'क्वायटर', आणि 'मोअर क्वायट'ही चालते, कारण दोन झटक्यांत उच्चारल्या जाणाऱ्या काही विशेषणांना दोन्ही दारे उघडी असतात. क्लेव्हर आणि सिम्पल हीही त्यांतलीच.

"दादा, 'कूलर' वाचून लोक पंखा लावलेली खोली मागतील," मावसभावाने शंका काढली. पुढे 'दॅन द बीच' असल्यावर तसे कोणी समजणार नाही, असे मी म्हणालो, तरी त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

शेवटी फळ्यावर 'कूलर अँड क्वायटर दॅन द बीच' आले. तवसे मात्र त्याने पुसू दिले नाही.