युडायस नंबर नसलेली मुलगी

ऑनलाइन अर्जात विद्यार्थ्याच्या नावाखाली लगेच शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे सरकारनं प्रत्येक शाळेला दिलेला ओळख क्रमांक, विचारला आहे. अकरा आकडी क्रमांक, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो भरल्याशिवाय अर्ज पुढच्या पानावर जात नाही, रकान्याभोवती लाल चौकट येते. माझी नात बारा वर्षांची आहे आणि घरी शिकते. तिचा अर्ज त्या चौकटीशी थांबला.

स्पर्धा जिल्ह्यातल्या मुलांच्या विज्ञान प्रकल्पांची होती. आयोजकांचं नाव मी लिहिणार नाही, कारण प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. पाचवी-आठवीची स्कॉलरशिप, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा, वक्तृत्व, निबंध, सगळ्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत. सही, शिक्का, जावक क्रमांक. मुलांच्या स्पर्धांचा रस्ता शाळेच्या ऑफिसातून जातो, हे मी आतून पाहिलं आहे. त्या ऑफिसात जिचं नावच नाही, तिचं काय होतं ते आता बाहेरून पाहते आहे.

नात घरी का शिकते, ते थोडक्यात सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेत पाणी शिरलं, वर्ग बरेच दिवस बंद राहिले. सगळं जरा मार्गी लागतंय तोवर मार्च २०२० उजाडला. त्या काळात ती घरी शिकायला लागली, तिला ते मानवलं, आणि शाळा उघडल्यावर मुलानं-सुनेनं ठरवलं की असंच पुढे चालू ठेवायचं. घरात वाद झाले. मीही वाद घातला. तो विषय वेगळा आहे, आज तो नको. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही. पुढे मुक्त विद्यालयातून किंवा खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते. शिक्षणाची वाट आहे. अडतं ते मधल्या वर्षांत.

तिच्या प्रकल्पाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सांगलीत पावसाळ्यात जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी विचारतो. चाळीस फूट झाली की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ मध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. पण गावभागातल्या माणसाला खरं हवं असतं ते वेगळंच: पुलाखाली किती फूट झाले की माझ्या दारात पाणी येतं? जुन्या माणसांना ते अनुभवानं माहीत असतं. नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूला माहीत नसतं, आणि तोच शेवटच्या क्षणी पोरंबाळं घेऊन निघतो.

नातीनं आमच्या आसपासच्या गल्ल्यांचा तसा तक्ता करायला घेतला. भिंतींवर २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा अजून आहेत, काहींनी तर त्या रंगवून ठेवल्या आहेत. एका घराचा उंबरा दुसऱ्यापेक्षा किती वर आहे हे मोजायला तिनं गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. एक टोक तिच्या हातात, दुसरं तिच्या बाबाच्या किंवा माझ्या. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, मग पट्टीनं उंबऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, हे तिला दोन घरं मोजून झाल्यावर कळलं आणि ती दोन्ही घरं तिनं पुन्हा मोजली.

त्याहून चांगली गोष्ट तिला स्वतःलाच सुचली. लोक म्हणतात "पाणी पहाटे आलं", पण पहाट म्हणजे किती वाजता? तिनं घराघरांतून मोबाइलमध्ये उरलेले पुराचे फोटो मागितले. फोटोत तारीख आणि वेळ नोंदलेली असते. त्या वेळेला पुलाखाली किती फूट होते, ते तिनं वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांतून काढलं. माणसाची आठवण आणि फोटोची वेळ जिथं जुळली नाही, तिथं तक्त्यात प्रश्नचिन्ह आहे. मी इतकी वर्षं विज्ञान प्रदर्शनं पाहिली; थर्माकोलचे ज्वालामुखी पाहिले, बाजारातून आणलेले हायड्रॉलिक पूल पाहिले. मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय स्वतःच्या आकड्यासमोर प्रश्नचिन्ह घालणारी मुलं मी फार कमी पाहिली आहेत.

आयोजकांपैकी एक जण माझा जुना विद्यार्थी निघाला. फोनवर अगदी आदरानं बोलला. "बाई, माझ्या हातात असतं तर लगेच घेतलं असतं. पण पोर्टलच घेत नाही. तुम्ही कुठल्यातरी शाळेचं नाव टाका ना, पुढचं मी बघतो."

कुठल्यातरी शाळेचं नाव मिळणं मला अवघड नव्हतं. एक मैत्रीण अजून मुख्याध्यापिका आहे. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "अगं, लाव की आमच्या शाळेचं. बोनाफाईड देते मी. एका दिवसाचा तर प्रश्न, कोण बघतंय?"

तिच्या मनात फक्त माया होती, हे मला माहीत आहे. पण शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे काय, हेही मला माहीत आहे. त्यात जे नाव चढतं ते प्रवेशाच्या तारखेसकट चढतं, आधीची शाळा कोणती ते लिहावं लागतं, आणि दाखला काढल्याशिवाय ते उतरत नाही. त्या नोंदीवरून पुढे माणसाचं सगळं आयुष्य सिद्ध होतं. तिथं खोटी ओळ लिहायची, तीही अशा मुलीसाठी जिनं खात्री नव्हती तिथं प्रश्नचिन्ह घातलं? मी नाही म्हणाले. शिवाय बक्षीस मिळालंच असतं तर ते ज्या शाळेनं तिला एक दिवसही शिकवलं नाही, तिच्या फलकावर लागलं असतं.

मी नातीला सरळ सांगितलं, अर्ज जात नाही. ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, मग मला प्रश्न कोण विचारणार?"

घरी शिकणाऱ्या मुलांना स्पर्धा कशाला हवी, असं मला अनेकांनी विचारलं आहे. ही मुलं तर स्पर्धेपासून लांब राहावीत म्हणूनच घरी असतात ना! मला ते पटत नाही. घरात तिला वेळ मिळतो, पुस्तकं मिळतात, चुका करायला मोकळीक मिळते. एक गोष्ट घर कधीच देऊ शकत नाही: जो तिच्यावर प्रेम करत नाही, तिला ओळखतही नाही, अशा जाणकार माणसाचा प्रश्न. "ही नळी किती लांबपर्यंत चालते? गल्ली वळली की काय केलंस?" हे मी विचारलं तर ती लाडानं उत्तर देते. परीक्षकानं विचारलं तर तिला सावरून उभं राहावं लागतं. शाळेतल्या मुलांना असा अनुभव वर्षातून चार वेळा मिळतो. हिला तो फक्त अशा ठिकाणीच मिळणार होता.

आयोजकांची बाजू मला कळते, कारण मी त्या बाजूला बसले आहे. शाळा मध्ये असली की मुलाचं वय आणि इयत्ता कुणीतरी तपासलेली असते. फी एकगठ्ठा येते. निरोप एका माणसाला दिला की पन्नास घरी पोचतो. मुलांसोबत जबाबदार शिक्षक येतो, प्रत्येक शाळेला किती प्रवेशिका ते ठरवता येतं. शेकडो मुलांचा कार्यक्रम दहा-पंधरा स्वयंसेवकांवर चालवायचा तर हे सगळं लागतं. माझं म्हणणं एवढंच की यातलं एकही कारण घरी शिकणाऱ्या मुलाला बाहेर ठेवायला पुरत नाही. वय जन्मदाखल्यावर कळतं, आणि शाळाही ते त्यावरूनच लिहिते. फी पालक भरतील. जबाबदार मोठा माणूस म्हणून आई येईल, आजी येईल. गट इयत्तेऐवजी वयावर लावला की इयत्तेचा प्रश्नच उरत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली, ती दहा ते सतरा वर्षांच्या मुलांची आहे, आणि शाळेबाहेरच्या मुलांनाही तिथं जागा ठेवलेली आहे. आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि पद्धतशीर तपासायचा, असंच तिथं काम असतं. म्हणजे ज्यांनी देशपातळीवरचा उपक्रम आखला त्यांना हे सुचलं होतं. उलट इन्स्पायर-मानक या विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत मुलाची कल्पना शाळेनंच पाठवावी लागते. शाळेला पाच नामांकनं, निवड झालेल्या मुलाला दहा हजार रुपये. घरी बसून कितीही चांगली कल्पना सुचली तरी ती पाठवायला दारच नाही. खेळातही तसंच. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, म्हणजे वयाचेच, तरी प्रवेशिका शाळेकडूनच जाते. बुद्धिबळ संघटनेच्या वयोगट स्पर्धेत मात्र जन्मदाखला दाखवला की मूल पटासमोर बसतं. शाळा कोणती हे तिथं कुणी विचारत नाही.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. तिनं सातवीच्या सुमारास शाळा सोडली आणि घरी शिकली. पुढे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे शाळकरी वयाच्या मुलांच्या संगणक प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत, तिनं भारतासाठी तीन पदकं आणली, दोन रौप्य आणि एक कांस्य. २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, तिला अमेरिकेतल्या एमआयटीनं घेतलं. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीत जाता येत नव्हतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं मात्र तिची तयारी पाहून वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमाला बसू दिलं होतं. त्या बातम्या आल्या तेव्हा सगळी चर्चा आयआयटीवर झाली. माझ्या मते मोठी गोष्ट त्याआधीची आहे. ऑलिंपियाडच्या निवडीत तिला बसता आलं, म्हणून ती कोण आहे हे जगाला कळलं. त्या पहिल्या पायरीवर कुणी शाळेचा शिक्का मागून तिला परत पाठवलं असतं, तर पुढची पदकंही नाहीत आणि एमआयटीही नाही.

अमेरिकेत इंग्रजी स्पेलिंगची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथं घरी शिकणारी मुलं बसतात आणि जिंकतातही. १९९७ मध्ये ब्रुकलिनची एक मुलगी जिंकली, २००० मध्ये भारतीय वंशाचा जॉर्ज थंपी जिंकला. दोघंही घरी शिकणारे.

आपल्याकडे दार बंद झालं तर ते उघडतं कधीकधी, पण कोर्टात जाऊन. २०१८ च्या नीट परीक्षेत मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी मे महिन्यात ती अट रद्द केली. बारा वर्षांच्या मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोण कोर्टात जाईल?

आणि माझ्या नातीला निदान आजी आहे, आजीकडे फोन नंबर आहेत. दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर बीडकडून ऊसतोड कुटुंबं येतात, उन्हाळा लागेपर्यंत राहतात. त्यांची मुलं गावाकडच्या एखाद्या पटावर असतात आणि अंगानं इथं पालाशेजारी. प्रदर्शनं, क्रीडा स्पर्धा, वक्तृत्व हे सगळं नेमकं त्याच महिन्यांत होतं. मी नोकरीत असताना फडावरच्या एका मुलीला बांधावरून धावताना पाहिलं होतं, पाण्याची कळशी रिकामी करून परत येत होती, अनवाणी. आमच्या शाळेत त्या वर्षी जिल्ह्याला गेलेली एकही मुलगी तिच्यापुढे टिकली नसती. तिच्यासाठी अर्ज भरणारी शाळा शेकडो किलोमीटर लांब होती. शाळेचं नाव विचारणारा रकाना तिलाही बाहेर ठेवतो, आणि तिच्या वतीनं ब्लॉग लिहायला कुणी नाही.

म्हणून मी आयोजक समितीला लेखी अर्ज दिला आहे. मागण्या साध्या आहेत. शाळेचा क्रमांक ऐच्छिक करा. नसेल तर जन्मदाखला आणि पालकाची सही घ्या. गट वयानुसार लावा. शाळांच्या प्रवेशिका कमी होतील अशी भीती असेल तर शाळेबाहेरच्या मुलांसाठी वेगळ्या पाच जागा ठेवा, पण परीक्षक तेच, गुणपत्रक तेच. मधे त्यांनी तोंडी सुचवलं होतं की नातीनं तक्ता मांडावा, क्रमांक मात्र मिळणार नाही. मी नातीलाच विचारलं. ती म्हणाली, परीक्षक येऊन विचारणार असतील तर मांडते. परीक्षक स्पर्धेबाहेरच्या टेबलावर येणार नाहीत, असं उत्तर आलं. मग तिनं नको म्हटलं.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. अर्जाची पोच मी आवक क्रमांकासह घेतली आहे. तुमच्यापैकी कुणी अशा स्पर्धांच्या समितीवर असाल, तर तुमचा प्रवेश अर्ज एकदा उघडून बघा आणि शाळेचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येतं का ते पाहा. येत नसेल तर कळवा. मी माझ्या अर्जाची प्रत पाठवते, नाव-तारीख बदलून वापरता येईल.