लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं इंग्रजी

आमच्या वेळी अंबाजोगाईत दहावीला बरे मार्क पडले की पुढचं ठरलेलंच, सायन्स घ्या, लातूरला क्लास लावा अन मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग. मी आर्ट्सला राहून क्लॅट, म्हणजे लॉ युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, देणार म्हणल्यावर मामा म्हणले, "कामून रे, डोकं फिरलं का तुझं?"

२०१२ चा पेपर २०० प्रश्नांचा, वेळ दोन तास, त्यात ४० मार्क इंग्रजीला. शब्दांचे अर्थ सरळसरळ विचारायचे. आपण मराठी मीडियमवाले. पुण्याच्या एका दादानं शब्दांच्या यादीचं जाडजूड पुस्तक दिलं होतं पण ते कुणाचंच होत नसतं, बी पर्यंत येईस्तोवर ए सगळा साफ.

मग आपले इंग्रजीचे सर म्हणले, यादी ठेव बाजूला अन चिठ्ठ्या कर. लग्नसराईत घरी पत्रिकांचा ढीग पडायचा, त्यांची कोरी बाजू कातरीनं कापायची, एका अंगाला शब्द अन दुसऱ्या अंगाला अर्थ, शिवाय वर्तमानपत्रात तो शब्द ज्या वाक्यात सापडला ते आख्खं वाक्य. वाक्य नसलं तर सर चिठ्ठी परत द्यायचे. काही चिठ्ठ्यांवर अर्धा गणपती, काहींवर नुस्तंच "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं"! मिठाईचे तीन रिकामे डबे घेतले. पहिला रोज बघायचा, दुसरा आठवडी बाजाराच्या दिवशी, तिसरा महिन्यानं. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, अडलं की सरळ पहिल्यात. ही पद्धत जर्मनीतल्या सेबॅस्टियन लाइटनर नावाच्या पत्रकारानं १९७२ साली पुस्तकात मांडलेली, हे मला लई नंतर कळलं, सरांनी कधी नाव घेतलं नाही.

मराठीच्या बाईंचे उपसर्गही इथंच कामाला आले. सु अन दुर् जसं, तसं लॅटिनमधलं बेने म्हणजे चांगलं अन माल म्हणजे वाईट, मग बेनेव्होलंट, मॅलेव्होलंट, बेनिफिट, मालप्रॅक्टिस असे एका मुळाला चार-चार शब्द हाती लागायचे. अन कायद्यातल्या लॅटिन शब्दांची तर भीतीच वाटली नाही, कारण बोनाफाईड आपण पाचवीपासून ऑफिसच्या खिडकीत उभं राहून मागत होतो, अ‍ॅफिडेव्हिट तहसीलमधे पाहिलेलं, सुमोटो (कोर्टानं स्वतःहून) अन एक्स पार्टे (एकतर्फी) वर्तमानपत्रातल्या कोर्टाच्या बातम्यांत.

आता पॅटर्न बदललाय. २०२० पासून साडेचारशे शब्दांच्या आसपासचे उतारे येतात अन प्रश्न त्यावरच, २०२४ पासून एकूण प्रश्न १२०. नुस्ता अर्थ पाठ असून भागत नाही, उताऱ्यात तो शब्द काय म्हणतोय ते कळावं लागतं, म्हणजे सरांचा वाक्याचा हट्ट आता जास्तच उपयोगाचा. संभाजीनगरला २०१७ पासून लॉ युनिव्हर्सिटी झालीय, तिथंही क्लॅटवरच अ‍ॅडमिशन, तेव्हा आपल्या पोरांना आता लांब जायचीही गरज नाही.

आपल्या शिक्षण संस्थेला एकच विनंती, वाचनालयात इंग्रजी पेपर चालू ठेवा, अन कपाटाची किल्ली क्लार्कच्या खिशात नको, पोरांना सापडेल अशी खिळ्याला लावा.