बेळगावात समुद्री टँक: सगळं मिळालं, शून्य टीडीएसचं पाणी सोडून

बेळगावात छोटा समुद्री रीफ टँक, म्हणजे कोरल आणि मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा विचार असेल, तर काच, लाईट, मासे यांचं सगळं नंतर बघा. आधी पाण्याचं बघा. समुद्र इथून घाट उतरून शंभर किलोमीटरच्या पुढे, तरी खारं पाणी तयार करायला मला काही अडचण आली नाही. मी अडकले ती गोड्या पाण्यावर, आणि तेही स्वयंपाकघरात नावाजलेल्या कंपनीचा आरओ बसवलेला असताना. त्या सर्व्हिसवाल्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाकीचं पटकन सांगते. टँक २४ × १२ × १२ इंच, म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. दगड-वाळू घातल्यावर पाणी मावतं पंचेचाळीसच्या आसपास. शहापुरातल्या काचवाल्याकडून काचा कापून सिलिकॉनने जोडून घेतल्या, तयार टँकपेक्षा बऱ्याच स्वस्तात. वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), हीटर, मागे टांगायचा फिल्टर, निळा-पांढरा एलईडी, समुद्री टँकसाठीचं खास मीठ हे सगळं कुरियरने आलं. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, घेतला नाही. एवढ्या लहान टँकचं दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर त्याच्यावाचून काही अडत नाही. ते पैसे खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला लावा, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या साध्या पाण्यावर नको.

आता पाणी. टँकमधून रोज साधारण लिटरभर पाणी उडून जातं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. त्या पाण्यात क्षार, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असं जे काही असेल ते टँकमध्ये साठत जातं आणि काचेवर, वाळूवर शेवाळ धरतं. तांब्याचा अंश आला तर गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळ्यांना धोका. त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसेल असंच पाणी हवं. हा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. टँकच्याही आधी तो घ्या.

आमच्या वडगावात नळाला राकसकोप नाहीतर हिडकल जलाशयाचं पाणी, पण ते येईल तेव्हा भरून ठेवायचं. रोजच्या वापराला विहीर, आणि आरओची जोडणीही विहिरीच्याच टाकीला. विहिरीचं पाणी मीटरवर ४१०. आरओतून बाहेर येणारं ६२. आरओतला गाळणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, धड असेल तर पंचाण्णव टक्के क्षार अडतात, म्हणजे वीसच्या आसपास आकडा यायला हवा होता. आतलं गणित असं, की या मशीनमध्ये चवीसाठी एक मिनरलची कार्ट्रिज असते आणि टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो स्क्रू थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. पिण्यासाठी ते ठीकच आहे, ५०० पर्यंतचा टीडीएस पिण्याच्या पाण्याला चालतो. मला फक्त तो स्क्रू बंद करून हवा होता आणि ती कार्ट्रिज बाजूला काढून हवी होती. दोन मिनिटांचं काम.

फोन लावला. तक्रार नोंदली, नंबर आला. मेकॅनिकचा फोन आला, "नाळे बरतीनि अक्का, उद्या नक्की येतो." तो उद्या काही उजाडेना, आणि मोबाईलवर मेसेज मात्र आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. पुन्हा तक्रार, पुन्हा नवा नंबर. शेवटी एकजण आला. त्याने ग्लासभर पाणी पिऊन बघितलं आणि म्हणाला, "पाणी झकास आहे की वैनी!" मी मीटर दाखवला. "साठ म्हणजे एकदम बरोबर, कंपनीचं सेटिंगच तसं आहे." मासे आहेत, शून्य पाहिजे म्हटलं, तर "माशांनाबी मिनरल लागतात की!" लागतात, पण ते मिठातून मोजून येतात, विहिरीतून नव्हे, हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं. मग म्हणाला, स्क्रूला हात लावला तर वॉरंटी जाईल, ऑफिसची परवानगी आणा.

ऑफिसात गेले. तिथे फॉर्म. तक्रारीचं स्वरूप या रकान्यात खुणेसाठी चार चौकोन होते: चव, वास, गळती, आवाज. माझी तक्रार चारांतही बसत नव्हती. मी समासात पेनाने स्वच्छ लिहिलं, 'टीडीएस कंट्रोलर बंद करून द्यावा, मिनरल कार्ट्रिज काढावी, वॉरंटीबाबत लेखी कळवावं.' काउंटरवरच्या माणसाने ते वाचलं, माझ्यादेखत 'चव'वर खूण केली आणि कागद फायलीत टाकला. लेखी काही मिळणार नाही म्हणाला, निर्णय मेकॅनिकच घेईल. मेकॅनिक म्हणणार ऑफिस, ऑफिस म्हणणार मेकॅनिक. दर वर्षी सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचे पैसे न चुकता घेणाऱ्यांनी एक स्क्रू फिरवायला इतकं टोलवावं, याचा मला मनस्वी संताप आला. काही दिवसांनी मेसेज आला की चवीची तक्रार सोडवण्यात आली आहे.

या सगळ्या काळात टँक हॉलमध्ये कोरडा उभा होता आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण उपाय सांगत होता. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणून मोजला, तर घरच्या आरओसारखाच आकडा. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर एका बाटलीत ३, दुसऱ्या बाटलीत १९, भरवसा नाही. एसीतून गळणारं पाणी धरा असं एकाने सुचवलं. ते मुळीच वापरू नका. एसीची कॉइल बहुधा तांब्याची असते. पावसाचं पाणी पत्र्यावरून काय काय घेऊन येतं, ते पहिल्या वळवाला बादलीत बघावं. गोव्याहून समुद्राचंच पाणी कॅन भरून आणावं, असंही पुष्कळांनी सांगितलं. पण रोजच्या भरीला गोडं पाणी लागणारच, त्याचं काय? शिवाय पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारेपणा उतरतो.

सुटका झाली ती गोवावेसकडे आरओ जुळवून देणाऱ्या एका पोराकडे. त्याला दोन वाक्यांत कळलं. "म्हणजे कंट्रोलर नको, मिनरल नको, यूव्ही पण नको. बरोबर?" सेडिमेंट, कार्बन, ८० जीपीडीचं (दिवसाला ८० गॅलन) मेम्ब्रेन आणि बूस्टर पंप, एवढंच त्याने एका पाटीवर बसवून दिलं, ब्रँडेड मशीनच्या निम्म्याहून कमी पैशांत. बूस्टर पंपात काटकसर करू नका, दाब कमी पडला की मेम्ब्रेन नीट गाळत नाही. शेवटी उरलेसुरले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचं हाउसिंग मी ऑनलाइन मागवून जोडलं. पाणी सुरू केलं. मेम्ब्रेननंतर ३८, मग २७, मग उतरत उतरत १६ वर थांबलं. मीटर डीआयच्या नळीखाली धरला: ००० . मीटरची काच मी स्वतः पुसून पुन्हा धरला, तरी ०००. इतका आनंद मला पुढे मासे आल्यावरही झाला नाही.

मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा चढलेला असतो, ते पाणी सोडून द्या, नाहीतर महागडं रेझिन लवकर संपतं. मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. आणि बादलीत रात्रभर फिरवत ठेवायचं.

पुढचं सुरळीत झालं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत महिन्याहून अधिक काळ माशांविना टँक चालवला. दगड कोरडे, माणसाने बनवलेले घेतले. मालवण-गोव्याच्या किनाऱ्यावरून दगड किंवा कोरल उचलून आणू नका. रीफ बांधणारी दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्री घोडेही. माझ्याकडे झोअँथिड आणि मशरूम ही मऊ कोरल आहेत, नवख्याला तीच सोपी. क्लाउनफिशची जोडी हॅचरीत वाढवलेलीच मागा. सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेले मासे घेण्याचं कारण नाही.

उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण मग पाणीही दुप्पट उडतं, भर वाढवा. वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली की वेव्हमेकर बंद पडतो आणि पाणी हलायचं थांबतं, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. आणि रेझिनचं जास्तीचं पाकीट आधीच आणून हवाबंद ठेवा, इथे दुकानात ते मिळत नाही.