नावांना वारा

हिरोशिमा, मे महिना. रात्र.

सकाळी शांती उद्यानात पोचले तर स्मारकासमोर पांढरं कापड अंथरलेलं आणि त्यावर ओळीने खंड मांडलेले. हातमोजे घातलेले महापालिकेचे कर्मचारी एकेक पान सावकाश उलटत होते. पावसाळा लागण्याआधी, वर्षातून एकदा, या खंडांना वारा देतात. कागदाला ओल धरू नये म्हणून.

ही ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने नेलेल्या माणसांची नोंदवही. सव्वाशेहून जास्त खंड, ३ लाख ४० हजारांच्या वर नावं, सगळी हाताने लिहिलेली. नाव, मृत्यूची तारीख, वय. एरवी हे खंड स्मारकाच्या कमानीखाली दगडी पेटीत असतात. १९५२ साली वास्तुविशारद केंझो तांगे यांनी ही कमान बांधली ती जुन्या घराच्या छपरासारखी, मृतांच्या डोक्यावर पाऊस पडू नये म्हणून. हे वाचलं होतं, पण आज ती पेटी उघडी पाहिली आणि खरंच कुणाच्या तरी घरासमोर उभी आहे असं वाटलं.

मी समजत होते की युद्धात गेलेल्यांची यादी केव्हातरी पुरी होते. दगडात कोरली की संपली. ही संपत नाही. त्या दिवशी वाचलेला माणूस सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगून अंथरुणात गेला, तरी त्याचं नाव इथे येतं. दरवर्षी ६ ऑगस्टला, आदल्या वर्षभरात ज्यांचं जाणं कळलं त्यांची नावं पेटीत ठेवतात. म्हातारपणी गेलेल्याला युद्धात गेला म्हणायचं का? मला वाटतं, म्हणायचं. तो सबंध आयुष्य त्या सकाळीसकट जगला, हे शहराने मान्य करायलाच हवं.

पेटीवर कोरलेलं वाक्य मी मनातल्या मनात मराठीत आणून पाहिलं: शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होऊ देणार नाही. मूळ जपानीतही कर्ता नाही. कोण होऊ देणार नाही? १९५२ मध्येच न्यायमूर्ती राधाविनोद पाल, जपानी नेत्यांवरच्या टोकियो युद्धगुन्हे खटल्यातले भारतीय न्यायाधीश, इथे आले होते आणि बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग चूक कबूल कोण करतंय, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप पटतो. तरी उभं राहून वाचताना ती मोकळी जागा मलाच भरावी लागली, आणि ते मला बरोबर वाटलं.

सगळंच बरोबर नाही. इथे मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते उद्यानाबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. एकाच आगीत मेलेल्यांना आत घ्यायला एकोणतीस वर्षं! हे लिहितानाही राग येतोय.

एका खंडात नावंच नाहीत. ज्यांची ओळख सांगायलाही मागे कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी तो ठेवलाय. ‘नावं न कळलेले, अनेक’, एवढंच लिहिलंय, बाकी कोरी पानं. घरंच्या घरं गेली, मग कोण सांगणार आमचा अमका होता म्हणून?

त्या कोऱ्या पानांनाही वारा देतात.