नवी प्रणाली आणि आमच्या वह्या

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, संगणक चालवणाऱ्या विंडोज १० या प्रणालीचा सपोर्ट संपला. त्यानंतरच्या गुरुवारी मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत पोहोचले, तेव्हा तीन सभासद पडद्यावरचा संदेश कागदावर उतरवून घेऊन माझी वाट पाहत बसले होते. तिघांचा प्रश्न एकच होता : "बाई, आता आमचा कॉम्प्युटर बंद पडणार का?" मी साताऱ्यात ३४ वर्षे शाळेत मराठी शिकवले, संगणक हा माझा विषय कधीच नव्हता. निवृत्तीनंतर मात्र संघातल्या समवयस्कांना संगणकाची ओळख करून देण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले, आणि त्या गुरुवारपासून आजवर नव्या प्रणालीशी जुळवून घेणाऱ्या अकरा जणांच्या शेजारी मी खुर्ची टाकून बसले आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. सपोर्ट संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. प्रणालीत सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट येणे थांबते. ज्यांची पेन्शन, मुदत ठेवी आणि विजेचे बिल हे सारे त्याच पडद्यावरून चालते, त्यांनी अशा यंत्रावर निर्धास्त राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवण्याची सोय होती, ती आम्ही दोघांसाठी घेतली. त्यापुढच्या विंडोज ११ या प्रणालीसाठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो; इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या अकरांपैकी सहा यंत्रे या कसोटीला उतरली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि ती मला आधी वाटली होती त्या ठिकाणी नव्हती.

आमच्या वयाच्या पुष्कळ लोकांनी संगणक शिकला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत असलेल्यांना तो अभ्यासक्रम पूर्ण करावा लागे, त्यामुळे पन्नाशीच्या आसपासचे कारकून, शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी संध्याकाळी वह्या घेऊन वर्गात बसले. शिकले ते बहुतेक विंडोज एक्सपीवर. प्रत्येकाची एक वही होती, आणि तिच्यात पायऱ्या लिहिलेल्या होत्या : आधी स्टार्ट, मग ऑल प्रोग्रॅम्स, मग ॲक्सेसरीज, मग पुढचे काय ते. त्या वह्या अजून आहेत. काहींना प्लास्टिकचे कव्हर आहे, काहींच्या मधल्या पानांवर नातवाने रंग भरले आहेत, पण संगणकाशेजारी त्या असतातच.

आमच्यातले एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी हाताने सातबारा लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवली आणि नोकरीच्या अखेरच्या काळात लॅपटॉपवर फेरफार नोंदवले. असा माणूस नव्या प्रणालीसमोर अडखळतो, तेव्हा घरातले लोक पटकन म्हणून जातात की, वय झाले, आता डोक्यात शिरत नाही. हे वाक्य मला फार लागते, कारण ते खरे नाही. वयाबरोबर नवे शिकण्याचा वेग कमी होतो, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, बोट थरथरते, हे सगळे मान्य. परंतु भाऊसाहेबांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते, "खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्ट", आणि विंडोज ११ मध्ये ते बटण पडद्याच्या तळाच्या पट्टीच्या मध्यभागी आलेले असते. एवढेच असते तरी निभावले असते. पण पट्टीवरची चित्रे मधोमध मांडलेली असल्यामुळे एखादा नवा प्रोग्रॅम उघडला की बाकीची सगळी चित्रे, स्टार्टसह, थोडी डावीकडे सरकतात. म्हणजे ज्या हाताने वीस वर्षे एक जागा पाठ केली, त्या हाताला आता कोणतीच पक्की जागा उरत नाही. वहीतली पायरी चुकीची ठरली की माणसाला वाटते, आपणच चुकलो.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही काहीही नवे शिकवत नाही. सेटिंग्ज उघडून त्या पट्टीची, म्हणजे टास्कबारची, मांडणी डावीकडे करतो, म्हणजे स्टार्ट पुन्हा कोपऱ्यात येते. मग डेस्कटॉपवर जुनी चित्रे जुन्याच क्रमाने लावतो. भाऊसाहेबांनी हे झाल्यावर खुर्चीत सरळ बसून माऊस हातात घेतला आणि पुढचे पाऊण तास कोणाला काही विचारले नाही. तरुणांना ही तडजोड वाटते. मला ती शिकण्याची आवश्यक पूर्वतयारी वाटते. कोपऱ्यातल्या त्या बटणाची सवय केवळ म्हाताऱ्यांना नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे : २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मधून ते काढून टाकले होते आणि वर्षभरात, २०१३ च्या ८.१ मध्ये, ते परत आणावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वही नव्याने लिहायला घेतो, आणि इथे एक बदल करतो. जुन्या वहीत जागा लिहिलेल्या होत्या. नव्या वहीत काम लिहायचे. पानाच्या डोक्यावर "पत्र लिहिणे", "मुलाने पाठवलेला फोटो जपून ठेवणे", "पासबुक पाहणे" अशी शीर्षके येतात, आणि खाली शक्य तितक्या कमी पायऱ्या. प्रोग्रॅम शोधण्यासाठी विंडोजची खूण असलेली कळ दाबायची आणि त्याच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरे टंकायची. ही युक्ती ज्यांना एकदा साधली, त्यांना पुढच्या आवृत्तीत चित्र कुठे सरकले याची फारशी चिंता राहत नाही. कळांच्या जोड्या तर त्याहून टिकाऊ निघाल्या आहेत. कंट्रोल आणि सी, कंट्रोल आणि व्ही, कंट्रोल आणि पी, किंवा फाइलींची खिडकी उघडणारी विंडोज आणि ई : एक्सपीच्या वर्गात शिकलेली ही पाने आजही जशीच्या तशी लागू आहेत, आणि ती जुन्या वहीतून कापून नव्या वहीत चिकटवताना माणसांचे चेहरे उजळतात.

उजव्या क्लिकचा मेनू हे दुसरे अडखळण्याचे ठिकाण. कट, कॉपी, रीनेम हे शब्द जाऊन त्यांच्या जागी वरच्या ओळीत नुसती बारीक चित्रे आली होती. पुढे विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत त्यांच्याखाली शब्द आले. ज्यांच्याकडे अजून शब्द नाहीत, त्यांना आम्ही शिफ्ट दाबून उजवी क्लिक करायला सांगतो, म्हणजे जुना मेनू उघडतो.

अक्षराच्या आकाराविषयी मात्र मी आग्रही आहे, आणि ही गोष्ट कोणीही आपल्या आईवडिलांच्या संगणकावर पाच मिनिटांत करू शकेल. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी या विभागात अक्षरे २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, माऊसचा बाणही मोठा आणि गडद करता येतो. डबल क्लिकचा वेग मंद करता येतो; हात फारच कापत असेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबले तरी तेच काम होते. आमच्यातल्या एक काकू तीन वर्षे "मला कॉम्प्युटर जमत नाही" असे म्हणत होत्या. त्यांना डबल क्लिक जमत नव्हती, बाकी सगळे जमत होते.

आमच्या खोलीत एकच नियम आहे : शिकवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. घरी नातू येतो, बारा सेकंदांत काम उरकतो आणि "झालं, आजोबा" म्हणून निघून जातो. त्याच्या मनात प्रेमच असते, पण आजोबांच्या हाताला त्यातून काहीच मिळत नाही. शेजारी बसून, बोटाने पडदा दाखवून, समोरचा चुकत असताना गप्प राहणे हे फार अवघड आहे, आणि इतकी वर्षे वर्गावर उभी राहूनही मला ते नव्याने शिकावे लागले.

बदलाच्या या काळात एक धोका वाढतो, तोही इथे नोंदवते. जो माणूस नव्या पडद्याला सरावलेला नाही, त्याला खरा संदेश कोणता आणि खोटा कोणता हे ओळखता येत नाही. "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" असा लाल पडदा आमच्या एका सभासदांसमोर आला आणि त्यांनी क्रमांक फिरवायला घेतलाही होता. विंडोजचा खरा इशारा कधीही फोन नंबर देत नाही. हे वाक्य आता प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले आहे.

जी यंत्रे विंडोज ११ च्या कसोटीला उतरली नाहीत, त्यांपैकी दोनांवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही वेगळी प्रणाली घातली. पेनड्राइव्हवरून सुरू करून, यंत्रात काहीही न बदलता, आधी ती वापरून पाहता येते, म्हणून धाडस केले. मला वाटले होते की ही मंडळी सर्वांत मागे पडतील. तसे झाले नाही. मिंटचा मेनू मुळातच खाली डाव्या कोपऱ्यात असतो आणि एकंदर मांडणी विंडोज ७ ला सरावलेल्या डोळ्याला परकी वाटत नाही. पोस्टातून निवृत्त झालेले एक सभासद पत्रे लिहितात, बातम्या वाचतात आणि बँकेचे खाते पाहतात. त्यांचे कोणतेच काम अडले नाही. दुसऱ्या सभासदांचे मात्र अडले, कारण त्यांच्या प्रिंटरचे स्कॅनिंग तिथे चाललेच नाही, आणि अखेर त्यांनी नवे यंत्र घेतले. माणसाची कामे कोणती, ही यादी आधी करावी आणि प्रणाली मग निवडावी, असे मी आता सर्वांना सांगते.

सर्वांत खोल गेलेली अडचण मराठीची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आमच्यातल्या एका ताईंनी २००४ ते २०१२ या काळात आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या टंकून ठेवल्या, तीनशेहून अधिक. आई गेल्या, ओव्या त्या फाइलींतच आहेत. नव्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांग दिसली, आणि ताई काही न बोलता उठून बाहेर गेल्या.

ओव्या नष्ट झालेल्या नव्हत्या. त्या काळी मिळणारे अनेक मराठी फाँट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. ते इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवत. फाइलीत प्रत्यक्षात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे, आणि तो ठरावीक फाँट नसला की तीच उघडी पडतात. जुना फाँट पुन्हा घालून ओव्या वाचता आल्या, पण त्या कायमच्या टिकवायच्या तर युनिकोडमध्ये रूपांतर करणे भाग होते. रूपांतर करणारी साधने आहेत, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी टाइपरायटरप्रमाणे अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफार जुन्या पद्धतीत अक्षराच्या मागाहून देत, युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी येतात. "दिवस" बहुधा नीट उतरतो, "स्थिती" मध्ये वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध अडकते, आणि जिथे ती बसतच नाही तिथे ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. म्हणजे प्रत्येक ओवी माणसाने वाचलीच पाहिजे.

टंकलेखनाचेही तसेच. ज्यांची बोटे टाइपरायटरवर मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेसाठी घडली, त्यांच्यासाठी रेमिंग्टनची मांडणी युनिकोडमध्ये चालवणारी साधने मिळतात आणि मी त्यांना तीच देते. सत्तरीत त्यांची बोटे मोडून नवी घडवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. ज्यांना कोणतीच मांडणी येत नव्हती, त्यांना इन्स्क्रिप्ट शिकवते : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. १९८६ मध्ये ठरलेली ही मांडणी विंडोजमध्येही आहे आणि मिंटमध्येही, त्यामुळे उद्या प्रणाली पुन्हा बदलली तरी बोटांना बदलावे लागणार नाही.

ताईंनी इन्स्क्रिप्टच घेतली, कारण त्या इतकी वर्षे एका बोटाने टंकत होत्या. "वाऱ्यावर" हा शब्द त्यांना बरेच दिवस छळत होता. नेहमीचा र घेतला की तो "वार्यावर" होई, आणि आईच्या तोंडचा शब्द असा चुकलेला पाहणे त्यांना सहन होत नव्हते. शिफ्ट धरून इंग्रजी "J" ची कळ दाबायची म्हणजे नुक्त्याचा ऱ मिळतो, मग हलन्त, मग य. ते त्यांनी वहीत लिहून घेतले, पानाला "आईच्या ओव्या" असे शीर्षक दिले. या गुरुवारी त्या २१२ व्या ओवीवर होत्या. मी शेजारी खुर्ची ओढली, तेव्हा त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता हाताने खूण केली की थांबा, एवढी ओळ होऊ द्या.