दोन सुती नट आणि तीन रविवार

सॉफ्ट पेस्टल घेऊन लँडस्केपला जायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, खडूच तर आहेत, त्यात काय एवढं निवडायचं? रंग आणि कागद एका शनिवारी उरकलेही. अडलं ते स्क्रू बसवायच्या एका नटावर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

खरेदीचं आधी सांगून टाकते. दुकानात नुसतं 'पेस्टल' म्हटलंत तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे ऑइल पेस्टल पुढ्यात येतात, तेव्हा 'सॉफ्ट' हा शब्द ठासून सांगा. मी मुंग्यो कंपनीचा अर्ध्या कांड्यांचा डबा घेतला. अख्खी कांडी प्रवासात मोडतेच. कागद कॅन्सन कंपनीचा, राखाडी. पांढरा उन्हात डोळ्यांवर येतो. त्या कागदाच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि ती चित्रभर दिसत राहते, म्हणून मी दुसरी बाजू वापरते.

आता पेटी. खडू जमिनीवर ठेवले की दर मिनिटाला वाकायचं, मांडीवर ठेवले की उठता येत नाही. म्हणून झाकणाला कागद आणि तळात खडू अशी प्लायची पेटी करून ती कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसवायचं ठरवलं. नवऱ्याच्या फोटोग्राफीच्या हौसेतून उरलेला ट्रायपॉड माळ्यावर होताच. सुताराला चित्र काढून दिलं, वर ५०० रुपये आगाऊ.

पहिल्या रविवारी प्लाय आला नव्हता. दुसऱ्या रविवारी बिजागऱ्या "मनासारख्या मिळंनात". तिसऱ्या रविवारी पेटी तयार, आणि खरं सांगते, देखणी होती. ट्रायपॉडवर चढवली, ट्रायपॉडच्या प्लेटचा स्क्रू पेटीच्या तळातल्या नटात दीड आटा गेला आणि गच्च!

"ताई, नवीन हाये, जाईल हळूहळू," म्हणत त्याने पक्कड लावली. मी "थांबा" म्हणेपर्यंत कर्रर्र आवाज झाला. ट्रायपॉडच्या प्लेटवरच्या स्क्रूचे आटे सोलवटून चकचकीत पत्र्यासारखे झाले. वर हेच, की "तुमचा स्टँडच हलका हाये." उरलेले ४०० रुपये मी दिले! न देण्याचं धैर्य झालं नाही, हे आता लिहिताना जास्त झोंबतंय.

नवी प्लेट आणली. आमच्या भागातली तीन हार्डवेअरची दुकानं फिरले. प्रत्येकाचं एकच, "सहा मिलीमीटरचाच येतो, तोच बसतो." तो बसत नाही हेच तर सांगायला मी आले होते. शेवटी पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळी गाठली. एका दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी प्लेट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रूच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हा दोन सुती, म्हणजे पाव इंची. इंचाला २० आटे. तुम्ही मिलीमीटरवाला घातलात, कसा जाईल?" डब्यातून लाकडात ठोकून बसवायचा दातेरी टी-नट काढला, तिथेच फिरवून दाखवला. लोण्यासारखा गेला. किंमत १२ रुपये. मी पाच घेतले, चार अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

हा नट पेटीच्या आतून ठोकायचा. बाहेरून ठोकलात तर स्क्रू आवळताना तोच ओढून निघतो. मला हेही काकांनीच सांगितलं. आणि तळाचा प्लाय निदान १२ मिलीमीटरचा घ्या, नाहीतर नटाची नळी खाली बाहेर येते आणि पेटी डुगडुगते.

पेटी पहिल्यांदा लावली ती वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. कृष्णेवरून वारा आला तशी सगळी डुलायला लागली. पिशवीत दगड भरून ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला टांगली, मग थांबली. झाकण पाठीमागे कलतं ठेवू नका, उभंच ठेवा. भुकटी चित्रावर साचत नाही, खाली पडते. खाली वर्तमानपत्राची घडी अडकवा, आणि फुंकर मुळीच मारू नका. ती भुकटी नाकातोंडात जाते.

हो, रंगांचं एक राहिलं. घाटाचा दगड काळा म्हणून मी काळी कांडी घासत सुटले आणि पायऱ्यांचं भुयार झालं. जवळून पाहिलं तर पायऱ्यांत मळकट जांभळा होता, पाण्यालगत शेवाळी आणि उन्हात चक्क बदामी. तयार डब्यात भडक रंगच जास्त, असे मळकट कमीच. ते सुटे घ्यावे लागले.

परतताना चित्रावर बटर पेपर ठेवून दोन पुठ्ठ्यांत चिकटपट्टीने घट्ट बांधलं. सैल राहिलं की घासतं. घरी आल्यावर एकमेकांना लागून मळलेले खडू डब्यात रवा घालून हलवले, स्वच्छ निघाले. त्या रव्याचा शिरा होत नाही, एवढं घरातल्यांना आधी सांगून ठेवा.