क्रियापद मधे आलं तेव्हा

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका हॉलमध्ये मी बायकांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला तेव्हा चौदा जणी आल्या होत्या. बहुतेक विडी वळणाऱ्या, तिघी टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी मराठी. मी व्याकरणाचं पुस्तक नेलं. नियम मराठीतून सांगायचे, मग वाक्यांची भाषांतरं. दोन आठवड्यांत सातच उरल्या. दिवसभर मान खाली घालून विड्या वळलेल्या बाईला मी पुन्हा मान खाली घालायला लावत होते. चूक माझीच होती.

जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत मला बी.एड.पासून माहीत होती: शिक्षकाने आज्ञा द्यायची, शिकणाऱ्याने फक्त ऐकून कृती करायची, बोलायची घाई नाही. तिथे बहुतेक ‘उभे राहा, दार उघडा’ असलं असतं. मी विडीच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या, पानांऐवजी कागदाच्या पट्ट्या आणि दोरा नेला. टेक अ लीफ. कट द लीफ. रोल इट. टाय इट. हातांना सगळं पाठ होतं, शब्द तेवढे नवे. तिसऱ्या दिवशी त्याच एकमेकींना हुकूम देऊ लागल्या. पहिल्यांदा ‘अ लीफ’ आणि नंतर ‘द लीफ’ का, हे मला समजवावंच लागलं नाही. एक जण म्हणाली, “टीचर, आता हातातलंच पान हाय की!” ‘अ’ आणि ‘द’ यांवर मी आजवर फळाभर लिहीत आले होते.

खरी अडचण पुढे आली. स्वतःचं वाक्य करायला सांगितलं की प्रत्येक जण म्हणे, ‘आय वॉटर ड्रिंक’. मी तिन्ही भाषा फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. मी पाणी पिते. नेनु नीळ्ळु तागुतानु. नानु नीरु कुडियुत्तेने. तिन्हींत क्रियापद शेवटी. “आमच्यात पण तसंच हाय की!” असं म्हणत एकमेकींकडे बघून त्या हसल्या. एकाच पेठेत राहून हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. खरं तर माझ्याही नाही.

मग तिघींच्या गळ्यात दोऱ्याने पुठ्ठे अडकवले: आय, वॉटर, ड्रिंक. आधी घरच्या भाषेप्रमाणे उभ्या राहिल्या, मग ‘ड्रिंक’ने शेवटून चालत मधे यायचं. पुठ्ठा, स्केचपेन, दोरा, एवढंच साहित्य. महिनाभर रोज हे चाललं. सुटलेल्या चौघी परत आल्या.

उच्चारांचं काम अजून बाकी आहे. ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ त्यांना एकच ऐकू येतात, आणि तेलुगू घरातल्या ‘बस’चं ‘बस्सु’ करतात. तिथे घाई करायची नाही, असं मी ठरवलंय.

परवा शिलाईवाल्या एकीने निर्यातीच्या टॉवेलचं लेबल आणलं: डू नॉट ब्लीच. मराठीत ‘नका’ सर्वांत शेवटी येतं. पुठ्ठे वाटले. ‘ब्लीच’वाली उभी होती. ‘डू नॉट’वाली आधी सवयीने तिच्या मागे गेली, थांबली, मी तोंड उघडायच्या आत वळसा घालून पुढे येऊन उभी राहिली.